बांधापलीकडची

थोरलीला दवाखान्यातून घरी आणलं ते टेम्पोच्या मागच्या बाजूला, गादीवर कुशीला निजवून. खड्डा आला की ती दात आवळायची आणि पुढच्या आरशातून ड्रायव्हरने मागे बघितलं की लगेच चेहरा सरळ करायची. घराची गल्ली आली तशी तिने पत्र्यावर हात आपटून टेम्पो थांबवला.

"इथून चालत येते."

"अगं आई, ऑपरेशन झालंय तुझं," मुलगा म्हणाला.

"पायाचं झालंय का? धर हात."

गल्लीतल्या दारांतून माणसं बघत होती. थोरली पाय जरासे फाकवून, पण पाठ ताठ ठेवून चालली. कोणीतरी विचारलं, "कसं आहे आता?" थोरलीच म्हणाली, "कंबरेचं दुखणं. चाकू लागला थोडा." आणि मागे येणाऱ्या सुनेकडे तिने असं बघितलं की सुनेने खाली मान घातली.

दुखणं कंबरेचं नव्हतं. भगंदर होतं. बसायच्या जागेशेजारी गाठ यायची, ठसठसायची, फुटून पू जायचा, आणि बरं वाटतंय म्हणेपर्यंत पुन्हा गाठ. किती वर्षं, हे थोरलीलाच ठाऊक. शेतात सगळ्या बाया बसून काम करायच्या तेव्हा ती उभ्याने करायची. लोक म्हणायचे, थोरलीला बसवत नाही, कामाचा सोस फार. ती तसंच म्हणू द्यायची. शेवटी तापाने फणफणली, तेव्हा मुलाने उचलून दवाखान्यात नेलं आणि तिची झाकली मूठ डॉक्टरच्या टेबलावर उघडली.

थोरली हे नाव तिला लग्नात मिळालं होतं. घरातली थोरली सून म्हणून. सासू गेली, सासरा गेला, नवरा गेला, धाकटा दीर आपला वाटा विकून बायकोसकट निघून गेला. आता घरात धाकटी कोणी उरली नव्हती तरी ती थोरलीच राहिली. मुलगा, सून आणि ती, एवढंच घर. आणि घरामागे कांद्याचं शेत.

कांदा काढणीला आला होता. पातींनी माना टाकल्या होत्या, जमीन वाळत चालली होती. आता आठवडाभर आळस केला तर कांदा जमिनीतच पुन्हा मुळं धरतो. आणि नेमका ह्याच वेळी घरातला एक पक्का हात पालथा पडला होता.

"काढणीचं बघतो मी," मुलगा म्हणाला. "तू फक्त पडून राहा."

"बघतो म्हणजे काय बघतोस? माणसं सांगितलीस का?"

"बघू."

हे 'बघू' थोरलीला अजिबात आवडलं नाही.

अवघड जागचं दुखणं आणि जावई वैद्य, अशी म्हण आहे. थोरलीच्या नशिबी सून आली. डॉक्टरांनी जखम शिवली नव्हती, मुद्दाम उघडी ठेवली होती. आतून भरत वर यायला हवी, वरून मिटली आणि आत पोकळ राहिली तर पहिले पाढे पंचावन्न. म्हणून शौचाला जाऊन आलं की कोमट पाण्याच्या टबात बसायचं, मग हलक्या हाताने टिपून कोरडं करायचं, आणि जाळीचं कापड ठेवायचं. कुंथायचं नाही, उकिडवं बसायचं नाही, वजन उचलायचं नाही. पाणी भरपूर. आणि शौचाला मऊ व्हावं म्हणून डब्यातली पावडर पाण्यात ढवळून प्यायची.

पहिल्या दिवशी थोरली म्हणाली, "माझं मी करीन."

"तुम्हाला दिसणार कसं आई?"

"आरसा दे."

सुनेने आरसा दिला आणि दाराबाहेर उभी राहिली. आतून बराच वेळ आरसा भिंतीला आपटल्याचे, कॉटची पाटी करकरल्याचे आणि थोरलीने कोणाच्या तरी सात पिढ्यांचा उद्धार केल्याचे आवाज आले. मग आवाज थांबला.

"ये आत. पण दिवा लावू नकोस."

"दिव्याशिवाय मला तरी कसं दिसेल?"

"मग तोंड तिकडे कर."

"कोणी? तुम्ही का मी?"

थोरलीने उशीत तोंड खुपसलं. सुनेचे हात धुतलेले, गार होते. तिने कापड काढलं, पाण्याने भिजवून सोडवलं, जराही ओढलं नाही. एक शब्द बोलली नाही. न बोलण्याचाच थोरलीला जास्त राग आला. ही मनात काय म्हणत असेल? उद्या विहिरीवर, पिठाच्या गिरणीवर काय सांगेल? आयुष्यभर ज्या सुनेला 'भांडं असं धरतात का, केर असा काढतात का' म्हटलं, तीच आता पाठीमागून सगळं बघते आहे.

"बाहेर कोणाला बोललीस तर बघ," थोरली उशीतून म्हणाली.

"नाही हो आई."

पण हे 'नाही' जरा पटकनच आलं, असं थोरलीला वाटलं.

मुलाने जुन्या लाकडी खुर्चीला मधोमध भोक पाडून आणलं होतं, खाली बादली ठेवायला. थोरलीने विचारलं, "सुताराने विचारलं नाही का, भोक कशाला?"

"विचारलं. मी सांगितलं, कुंडी ठेवायची आहे."

"हसला का तो?"

"नाही गं."

"हसला असणार."

पालथं पडून माणसाला करायला दुसरं काही नसतं. कान तेवढे मोकळे असतात. थोरली कानांनी घर राखू लागली. नळ किती वेळ चालला, पीठ किती मळलं, मुलगा कधी आला, चप्पल कुठे काढली, सगळं तिला कॉटवरून कळत होतं. आणि एका दुपारी तिला मागच्या दाराशी कुजबूज ऐकू आली.

दोन बायकांचे आवाज. एक सुनेचा. दुसरा खालच्या पट्टीतला, घोगरा. तो आवाज थोरलीने कितीतरी दिवसांत जवळून ऐकला नव्हता, पण लांबून, बांधावरून, शिव्या देताना भरपूर ऐकला होता.

पलीकडचीचा.

पलीकडची म्हणजे शेताच्या पलीकडची. तिलाही नाव होतं, पण थोरलीने ते उच्चारणं मुलाच्या लग्नाच्याही आधीपासून सोडलं होतं. दोघींच्या शेतांत एक बांध. थोरलीचं म्हणणं, पलीकडची दर नांगरटीला एक तास, म्हणजे नांगराच्या एका रेघेएवढी जमीन, बांधातून खाते. पलीकडचीचं म्हणणं, खाते ती थोरली. मोजणीवाला येऊन गेला, त्याने दगड पुरला, तो दगड एका रात्रीत वाकडा झाला, आणि दोघींनी एकमेकींकडे बोट दाखवलं. पलीकडचीचा नवरा वारला तेव्हा थोरली दारापर्यंत गेली आणि उंबऱ्यावरूनच परत आली. तेवढाच काय तो संबंध.

आणि आता ती बाई थोरलीच्या मागच्या दाराशी उभी होती.

थोरलीने श्वास रोखला. शब्द तुटक येत होते.

"...तिला कळलं तर जीव घेईल."

"नाही कळायचं. तुम्ही दुपारच्याच या. त्या वेळी त्यांचा डोळा लागलेला असतो."

थोरलीच्या मनात पाल चुकचुकली. जीव घेईल. काय कळलं तर? सून आणि पलीकडची मिळून काय शिजवताहेत? ती पडून आहे, मुलगा भोळा, 'बघू' म्हणणारा. बांधाचं काहीतरी चाललंय. म्हातारी उठायच्या आत मिटवून टाकू, द्या तो पट्टा, कशाला रोजची कटकट. असंच असणार. आजकालच्या पोरींना जमिनीची कटकट वाटते.

संध्याकाळी सून पावडरचं पाणी घेऊन आली.

"आज दुपारी कोण आलं होतं?"

सुनेचा हात ग्लासमध्ये ढवळता ढवळता थांबला. "कोणी नाही. मांजर असेल."

"मांजर बोलत होतं का?"

"तुम्हाला स्वप्न पडलं असेल आई. प्या, घट्ट होईल."

थोरलीने ग्लास नाकाशी नेला, वास घेतला, सुनेच्या तोंडाकडे बघितलं आणि मग प्यायली. ग्लास खाली ठेवताना तिची नजर फळीवरच्या डब्यावर गेली. झाकण अर्धवट लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी सून टबासाठी पाणी तापवायला गेली तेव्हा थोरली भिंतीला धरून उठली आणि तिने डबा उघडून बघितला. पावडर तळाला लागली होती. ती पीत होती त्या हिशेबाने डबा अर्धा तरी भरलेला असायला हवा होता. मग उरलेली गेली कुठे? एवढी भुशासारखी बेचव पावडर सून शौक म्हणून खाणार नाही. थोरलीने झाकण लावलं आणि गुपचूप जाऊन पडली. काही बोलली नाही. चोर पकडायचा तर चाहूल लागू द्यायची नसते.

मुलगा आणि सून कांदा उपटत होते. सकाळी लवकर जायचे, सुनेला मधे मधे घरी यावं लागायचं, थोरलीचं करायचं, पुन्हा पळायचं. तिच्या टाचा भेगाळल्या होत्या, नखांत माती भरलेली असायची. ती कापडाला हात लावण्याआधी साबणाने पुन्हा पुन्हा घासायची, तरी बोटांना कांद्याचा उग्र वास यायचा. थोरली तो वास ओळखून मनात शेताचा अंदाज बांधायची. आज पश्चिमेचा तुकडा झाला असेल. आज पात कापायला घेतली असेल.

एका संध्याकाळी मुलाने कापलेल्या कांद्याच्या टोपल्या आणून तिच्या खोलीच्या कोपऱ्यात ओतल्या. बाहेर ढग दाटले होते आणि साठवणीच्या चाळीचा पत्रा अजून ठोकायचा होता. थोरली कुशीवर वळून ढिगाकडे बघत राहिली. ढीग मोठा होता. दोन माणसांच्या एका दिवसाच्या मानाने जरा जास्तच.

"माणूस लावलास का?"

"नाही."

"मग एवढा कसा कापून झाला?"

"झाला," मुलगा म्हणाला आणि बाहेर गेला.

थोरलीने हात लांब करून एक कांदा उचलला. मान दोन बोटं सोडून सरळ कापलेली. ही सून, तिनेच शिकवलेली. दुसरा उचलला, तोही तसाच. तिसऱ्याची मान आखूड होती आणि काप तिरका. चौथ्याची तशीच. थोरलीने तो कांदा डोळ्यांजवळ नेला. विळा स्वतःकडे न ओढता बाहेर ढकलून कापणारा एकच हात तिने पाहिला होता. वर्षानुवर्षं बांधाच्या ह्या बाजूने उभी राहून ती तो हात बघत आली होती, आणि नावं ठेवत आली होती.

पलीकडची तिच्या शेतात बसून तिचा कांदा कापत होती.

फुकट कोण कापतं? शत्रूचा कांदा? म्हणजे सौदा झालाय. पाणी मुरतंय ते इथे.

ती त्या रात्री जेवली नाही. पोटात दुखतंय म्हणाली. सून घाबरली, म्हणाली, "आई, उपाशी राहिलात तर सकाळी खडा होईल आणि मग तुम्हालाच त्रास." थोरली भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "माझा त्रास कोणाला एवढा सलतोय, ते बघते मी उद्या."

सकाळी खडा झालाच. त्या भोकाच्या खुर्चीवर बसून थोरलीला डोळ्यांपुढे काजवे दिसले. ती ओरडली नाही. समोरच्या भिंतीचा पोपडा नखाने खरवडत राहिली. टबातल्या पाण्यात बसली तेव्हा पाणी गुलाबी झालं. सून म्हणाली, "थोडं रक्त जातं असं डॉक्टर म्हणालेत. पण आज हलायचं नाही हं." थोरली म्हणाली, "नाही हलत." आणि दुपार व्हायची वाट बघत राहिली.

दुपारी कुजबूज झाली नाही. सून आलीच नाही. म्हणजे दोघी शेतातच होत्या. थोरलीने घडीचं कापड नीट बसवलं, काठी घेतली आणि मागच्या दाराने बाहेर पडली.

ऊन डोक्यावर होतं. इतके दिवस सावलीत पडलेल्या डोळ्यांना ते टोचलं. घर ते शेत म्हणजे हाकेचं अंतर, पण तिला ते संपेना. उपटलेल्या वाफ्यातल्या ढेकळांवर पाय पडला की जखमेपासून पार मानेपर्यंत कळ जायची. ती थांबायची, काठीवर भार द्यायची, पुन्हा निघायची. मनात वाक्यं जुळवत होती. माझ्या जिवंतपणी वाटण्या करता काय? मी पालथी पडले म्हणजे मेले काय?

बांधाजवळच्या झाडाखाली दोघी दिसल्या. मधे कांद्याचा ढीग. सून बसून कापत होती आणि पलीकडची गुडघ्यावर टेकून, एका अंगावर भार देऊन. विळा बाहेर ढकलत.

थोरली आधी बांधावर गेली. दगड बघितला. दगड जिथे होता तिथेच, तसाच वाकडा. मग ती वळली.

"काय ठरलं?" तिने विचारलं.

सुनेच्या हातातला कांदा पडला. "आई! तुम्ही कशाला—"

"किती तास दिलेस हिला? एक का दोन? माझा कांदा कापून घेतेस हिच्याकडून, मजुरी कशात देतेस? बांधात?"

पलीकडची उठली नाही. थोरलीकडे बघत राहिली. पण तोंडाकडे नाही, खाली. मग गुडघ्यावर हात टेकून हळूहळू उभी राहिली, उन्हासाठी अंगावर घेतलेली चादरीसारखी जुनी शाल काढली आणि थोरलीच्या मागे आली.

"हात लावू नकोस मला!"

"गप उभी राहा," पलीकडची म्हणाली. "रस्त्याने माणसं येताहेत."

तिने शाल थोरलीच्या कमरेला गुंडाळली आणि पुढे गाठ मारली. तेव्हा थोरलीने मान वळवून मागे बघितलं. कपडा भिजला होता. लाल डाग मांडीपर्यंत उतरला होता. रस्त्याने दोन माणसं बैल घेऊन गेली, त्यांनी रामराम केला आणि थोरलीने मान हलवली. तिच्या मागे तिचा वैरी आडोसा धरून उभा होता.

माणसं लांब गेली. मग थोरली सुनेला म्हणाली, "सांगितलंस तू हिला."

"हो," सून म्हणाली. आज तिने मान खाली घातली नाही. "सांगितलं. तुमचे कपडे धुवायला घेतले होते मागच्या नळावर, ह्यांनी बांधावरून बघितलं. विचारलं, कोणाचं रक्त. मी म्हटलं माझंच. तर ह्या तिथेच बसल्या आणि रडायला लागल्या."

"रडले नाही," पलीकडची म्हणाली. "ऊन लागलं होतं."

"ह्यांनाही रक्त जातं आई. कधीचं. कोणाला सांगितलं नाही. ते ऐकल्यावर मी तुमचं खरं सांगितलं आणि तुमच्यातली पावडर द्यायला लागले. म्हणून त्या कांदा कापायला यायला लागल्या. मी नको म्हटलं, तर म्हणाल्या, फुकटचं घेत नाही मी त्या घरातलं."

थोरलीने इतके दिवस मनात रचून ठेवलेला सगळा डाव एकदम कोसळला होता, आणि चोरी मात्र खरी निघाली होती. राग होताच. तो कुठे ठेवायचा, हे समजत नव्हतं.

"घरी चल," ती सुनेला म्हणाली. मग पलीकडचीला, तोंड न वळवता, "तूही ये. शाल भिजली तुझी."

घरी सुनेने पाणी तापवलं, जखम धुतली, बघितली. वाहणं थांबलं होतं. थोरली पालथी पडली आणि पलीकडची दारात उभी राहिली. बस म्हटलं तरी बसेना.

"पावडरने फरक आहे?" थोरलीने विचारलं.

"आहे की. बरं वाटतंय. मूळव्याधच आहे, दुसरं काय."

"कोणी सांगितलं?"

"मीच म्हणते."

थोरली मान वर करून तिच्याकडे बघू लागली. इतक्या जवळून तिने पलीकडचीला किती वर्षांत बघितलं नव्हतं. बांधावरून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली की नांगराच्या बैलासारखी दिसायची. आता गालफडं बसली होती. गळ्याची हाडं वर आली होती, बाह्या दंडावर लोंबत होत्या.

"रक्त लाल असतं का काळपट?"

"काय विचारतेस गं—"

"मला डॉक्टरने विचारलं, मी तुला विचारते. लाल का काळं?"

पलीकडचीने सुनेकडे बघितलं. सून भांडी उचलून बाहेर गेली.

"काळपट," ती म्हणाली. "शौचात मिसळून."

"जेवण जातं?"

"नाही जात."

"शौचाला जाऊन आलं तरी परत जावंसं वाटतं?"

पलीकडचीने दाराची चौकट धरली. मग म्हणाली, "तुला कसं कळलं?"

थोरलीला कळलं नव्हतं. तिच्या शेजारच्या खाटेवर दवाखान्यात एक बाई होती, तिला डॉक्टर हेच विचारायचे, आणि विचारून झाल्यावर त्यांचा चेहरा बदलायचा, एवढंच तिने बघितलं होतं. पण संशय घ्यायची तिला सवय होती, आणि ह्या 'बरं वाटतंय'वर तिचा रत्तीभर विश्वास बसला नाही.

"तुझं माझ्यासारखं नाही," ती म्हणाली. "डॉक्टरकडे जा."

"कशाला?"

"उद्याच जा."

पलीकडचीचे डोळे बारीक झाले. हे डोळे थोरलीच्या ओळखीचे होते. "अस्सं. मला घालव तिकडे दवाखान्यात. मुलगा माझा परगावी. चार दिवस शेताला कोणी नाही. आणि तू तोवर बांध सरकव. पोरीला पुढे करून पावडर चाटवलीस ती ह्याच्यासाठी का?"

"मी पावडर चाटवली? मला ठाऊक तरी होतं का?"

"तुझं काय सांगावं!"

"अगं, मला धड बसता येत नाही, मी दगड काय सरकवणार!"

"मुलगा आहे तुझा."

"तो? तो 'बघू' म्हणतो!"

स्वयंपाकघरातून सुनेच्या हसण्याचा आवाज आला आणि लगेच दाबला गेला. पण पलीकडची हसली नाही. ती दाराला धरून उभी होती आणि तिची बोटं चौकटीवर पांढरी पडली होती. थोरलीने ते बघितलं. ही बांधासाठी भीत नव्हती, ती ज्याला भीत होती ते वेगळंच होतं. आणि ती भीती कशी असते हे थोरलीला पुरतं ठाऊक होतं. तीच भीती तिने इतकी वर्षं उभ्याने काम करून लपवली होती.

"बरं," ती म्हणाली. "मग मीही येते तुझ्याबरोबर. मलाही जखम दाखवायची आहे. दोघी गावाबाहेर असलो तर बांध कोण सरकवणार?"

पलीकडचीने ह्यात काही खोट सापडते का ते शोधलं. सापडली नाही.

"टेम्पोचं भाडं मी अर्धं देणार," ती म्हणाली.

"दे की. सोडते कोण!"

त्या आठवड्यातच कांद्याच्या गोण्या बाजारात निघाल्या, त्याच टेम्पोतून दोघी गेल्या. गोण्यांवर गादी टाकून थोरली उजव्या कुशीवर, पलीकडची डाव्या. तोंडं दोन दिशांना. वाटेत दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. फक्त एका मोठ्या खड्ड्यानंतर दोघींच्या तोंडून एकदमच "आई गं" निघालं.

दवाखान्यात बाहेरच्या बाकावर माणसांनी सरकून दोन म्हाताऱ्यांना जागा करून दिली. दोघी म्हणाल्या, "राहू दे." पुन्हा आग्रह झाला, पुन्हा दोघी म्हणाल्या, "राहू दे." रिकाम्या बाकासमोर दोघी ताटकळत उभ्या राहिल्या.

पलीकडचीचं नाव पुकारलं तशी ती दाराकडे निघायच्या ऐवजी जिन्याकडे वळली. थोरलीने तिचं मनगट धरलं.

"पुरुष आहे गं डॉक्टर," पलीकडची पुटपुटली.

"असू दे. तू भिंतीकडे बघ. भिंतीला पोपडा असला तर फारच बरं."

दारातल्या नर्सने थोरलीला अडवलं. "एकीनेच आत जायचं. तुम्ही कोण पेशंटच्या?"

"शेजारीण."

"नातेवाईक नाही का कोणी? नात्यातलंच माणूस आत सोडतो आम्ही."

थोरलीने क्षणभर विचार केला. खोटं बोलता आलं असतं. बहीण म्हटलं असतं तर नर्सने काही जन्माचा दाखला मागितला नसता. पण पलीकडची ऐकत होती, आणि तिच्यासमोर खोटं बोललं तर ती पुढे दहा वर्षं तेच धरून बसली असती.

"नात्यानं कोणी नाही," ती म्हणाली. "आमचं भांडण आहे. बांधाचं. पण ही एकटी आत गेली तर डॉक्टरला म्हणेल, बरं वाटतंय, आणि परत येईल. म्हणून मी जाणार."

नर्सने दोघींकडे बघितलं आणि बाजूला झाली.

डॉक्टरांनी तपासलं. पलीकडचीने थोरलीचा हात धरला नव्हता, तिने थोरलीची काठी धरली होती, आणि ती इतकी घट्ट, की नंतर सोडवून घ्यावी लागली. डॉक्टर हात धुऊन आले आणि त्यांचा चेहरा थोरलीने शेजारच्या खाटेजवळ बघितला होता तसाच झाला. आत गाठ होती. मूळव्याध नव्हे. तुकडा काढून तपासायला हवा, मोठ्या दवाखान्यात जायला हवं, मुलाला बोलावून घ्या.

"उशीर झाला का?" थोरलीनेच विचारलं.

"झालाय. पण फार नाही," डॉक्टर म्हणाले. "ह्या पावसाळ्यानंतर आला असतात तर काय सांगितलं असतं, सांगता येत नाही."

परतीच्या वाटेवर टेम्पो रिकामा होता. अर्ध्या वाटेत पलीकडची म्हणाली, "तुझ्या सुनेला बोलू नकोस. पोर चांगली आहे."

"माझी सून आहे. बोलीन नाहीतर न बोलीन."

"बोललीस ना त्या दिवशी?"

"नाही," थोरली म्हणाली. "पावडरचा नवा डबा आणायला सांगितलं. दोन."

पलीकडचीचा मुलगा आला. मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, मग औषधं झाली, त्या औषधांनी केस गेले. पाऊस पडून गेला. थोरलीची जखम आतून भरत भरत वर आली आणि मिटली; एके सकाळी ती दाराच्या पायरीवर बसली, चांगली मांडी ठोकून बसली, आणि सुनेने बघितलं तशी म्हणाली, "बघतेस काय? केर काढ." तेवढ्यातही तिचा सूर पूर्वीचा नव्हता, असं सुनेला वाटलं, पण तिने ते मनातच ठेवलं.

नांगरटीच्या दिवसांत पलीकडची घरी परतली. डोक्याला रुमाल, अंगात जीव नाही, पण चालत होती. घरात पिशवी ठेवली आणि आधी शेतात आली. बांधाच्या कडेने सावकाश फिरली, वाकून दगड बघितला, नांगराच्या ताज्या तासाकडे बघितलं, पुन्हा दगडाकडे.

थोरली आपल्या बाजूला खुरपं घेऊन काम करत होती. आता बसून करत होती. तिने मान वर केली.

"काय बघतेस? मोजून घे!"

"घेणारच आहे," पलीकडची म्हणाली.

तिने काठी उचलली आणि दगडापासून मोजायला सुरुवात केली. दर दोन पावलांना दम लागायचा, ती थांबायची, मग पुढे. थोरली खुरपं खाली टाकून उठली आणि बांधाशी येऊन उभी राहिली. ऊन चढत होतं. सुनेने घरातून हाक मारली, तरी ती गेली नाही. पलीकडची बरोबर मोजते की नाही, ते बघायला ती शेवटपर्यंत तिथेच उभी राहिली.